जामीनदाराचा तास

परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. थोरलीचं म्हणणं, कॉलेजच्या मुलांना पैशाचे व्यवहार स्क्रीनवरून शिकवता येतात. धाकट्याचं म्हणणं, समोर चेहरा नसेल तर ते शिकवणंच नव्हे. मग दोघांनीही मला साक्षीला ओढलं. ‘आजी, तू सांग. तू आयुष्यभर वर्गात शिकवलंस.’ मी म्हटलं, पत्र लिहीन. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता हे एक कारण. दुसरं कारण असं की जे सांगायचं आहे ते तुमच्या आवाजाला आवाज देत मला सांगता आलं नसतं.

मी दोन्ही प्रकारे शिकवलं आहे. तेव्हा स्क्रीन नव्हती, कॅसेट होती. नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी जळगावला समोरासमोर आणि धुळ्याला कॅसेटवरून, एकाच वर्षी, तेच दहा पाठ शिकवले. त्यांपैकी सहाव्या पाठाबद्दलच लिहिते. बाकीचे नऊ बरे झाले.

मी कॉमर्स कॉलेजात होते. बी.कॉम. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना ताळेबंद बिनचूक जुळवता यायचा, पण चेकवर रेघा का मारतात ते सांगता यायचं नाही. याची मला चीड होती. म्हणून मी पदवीच्या आणि एम.कॉम.च्या मुलांसाठी शनिवारी दुपारचा एक ऐच्छिक वर्ग सुरू केला. बँकेतलं खातं, विमा, व्याज कसं मोजतात, सही कुठे करायची आणि कुठे नाही. मी सगळं आखून ठेवणारी बाई. दहा पाठ, प्रत्येकी एक तास, प्रत्येकाला एक पानाचं टिपण. पुढे धुळ्याच्या केंद्रानेही तोच अभ्यासक्रम मागितला. तिथले विद्यार्थी नोकरी करून बाहेरून परीक्षा देणारे, रविवारी एका शाळेच्या खोलीत जमणारे. दर आठवड्याला एस.टी.ने जाऊन-येऊन पाच-सहा तास मोडणं मला जमेना. म्हणून कॅसेट.

सहावा पाठ जामीनदाराचा होता. तुम्ही परदेशात वाढलात, म्हणून आधी समजावून सांगते. त्या काळी आमच्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था निघाल्या होत्या. पतसंस्था म्हणजे सभासदांच्या ठेवी घेऊन सभासदांनाच कर्ज देणारी छोटी संस्था. चांगल्या होत्या, तशा वाईटही होत्या. कर्जाला दोन जामीनदार लागत, आणि जामीनदार पगारदार असला की संस्थेला फार आवडे, कारण पगार पळून जात नाही. त्यामुळे शाळेतला कारकून, एस.टी.तला मेकॅनिक, दवाखान्यातली नर्स यांच्या घरी लोक स्थळ घेऊन यावं तसे यायचे. येताना पेढ्यांचा पुडा आणायचे. कर्जाच्या अर्जाच्या कोपऱ्यावर आधीच हळदीकुंकवाची बोटं ओढलेली असायची. पुडा देवापुढे ठेवायचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडायचं, आणि मग अर्ज पुढे करायचा. ‘तुमची सही मिळाली म्हणजे शुभ झालं.’ आपल्याला जामीन राहायला सांगितलं हा मान समजत. नाही म्हणणं म्हणजे दारी आलेल्या कुंकवाला नाही म्हणणं. अर्जाची पाठीमागची बाजू कोणी वाचत नसे, कारण ती वाचायला घेणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं.

त्या पाठीमागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असे की कर्जदाराने पैसे भरले नाहीत तर जामीनदाराकडून सगळी रक्कम वसूल होईल.

कॅसेट ध्वनिमुद्रित करायला मी जळगावातल्या एका दुकानात जात असे. तिथे एरवी ऑर्केस्ट्राच्या आणि लग्नातल्या बँडच्या कॅसेटी निघत. दुकानदार शटर अर्धं ओढायचा, आणि घरघर येते म्हणून पंखा बंद करायचा. एप्रिलातलं जळगाव, पंखा बंद, भिंतीला गाद्या लावलेल्या आणि तोंडासमोर स्पंजचा बोळा घातलेला माइक. त्या बोळ्याला आधीच्या गवयाच्या पानाचा वास येत असे. मला त्या सगळ्या प्रकाराची किळस होती. बोळ्याकडे बघून कोणी शिकवतं का? कोण हसलं, कोण कंटाळलं, कोणाला कळलं नाही, काहीच दिसत नाही. मी घामाने भिजलेली, चिडलेली, आणि कधी एकदा संपतं असं झालेली. त्या रागात सहावा पाठ मी अकरा मिनिटांत आटोपला. त्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत.

‘जामीनदार म्हणजे कर्ज न घेता झालेला कर्जदार. सही करू नका. मागणारा सख्खा भाऊ असेल तरी करू नका. तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे, तो मरू शकतो, आजारी पडू शकतो, त्याचा धंदा बसू शकतो म्हणून. जेवढी रक्कम तुम्ही स्वतः गमावायला तयार आहात तेवढी त्याला हातात द्या आणि मोकळे व्हा. पण सही करू नका. पेढा खाल्लेला असला तरी करू नका.’

दुकानदाराने बटण दाबलं. तो हेडफोन गळ्यात घेऊन उभा होता.

“मॅडम, हे खरं का?”

“खरं.”

“दोघांसाठी केलीय ना मी,” तो म्हणाला. “मेहुण्याला आणि घरमालकाला. मेलोच की मग.” आणि पंखा लावायला धावला.

मी हसले. तो पाठ मला वाईटच वाटला होता. ना उदाहरण, ना चढउतार, नुसता दरडावणारा आवाज. वर्गात हेच मी किती छान करीन असं मनात म्हणत मी रिक्षात बसले.

वर्गात काय झालं ते आता सांगते.

सहाव्या पाठाच्या शनिवारी प्राचार्यांनी परस्पर एक पाहुणा बोलावला. शहरातल्या एका पतसंस्थेचे अध्यक्ष. ते आमच्या कॉलेजच्या मंडळावरही होते आणि सगळे त्यांना आबा म्हणत. ‘पतसंस्थेवरचा पाठ आणि आबा नाहीत, बरं दिसेल का?’ असं प्राचार्य म्हणाले. मला बरं-वाईट काही म्हणायला वेळच मिळाला नाही. टेबलावर चादर आली, समई आली, तिच्या वाती विझत राहिल्या, माइकवर ‘हॅलो, हॅलो’ झालं. शाल आली. ती शाल मी ओळखली. तिच्या काठाला उदबत्तीचं भोक होतं, आणि गेल्या गणपतीत ती दुसऱ्याच एका पाहुण्याच्या खांद्यावर मी पाहिली होती. डांबराच्या गोळ्यांचा वास पहिल्या बाकापर्यंत येत होता. तासातली चाळीस मिनिटं या सोहळ्यात गेली. माझ्या टिपणांच्या गठ्ठ्यावर कोणीतरी समोशांची परात ठेवली होती, तिचं तेल चौथ्या प्रतीपर्यंत उतरलं होतं.

आबा बोलले. सहकार, विश्वास, आपला खानदेशी माणूस शब्दाचा पक्का. मग ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिले. ते जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी पाय लांब केले आणि म्हणाले, “चालू द्या मॅडम. आम्ही पन शिकू.”

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. नशिराबादहून एस.टी.ने येई. तिचे वडील एका शाळेत कारकून होते. ते वारल्यावर त्यांच्या जागी ती लागली होती. घरी आई आणि धाकटी बहीण, आणि तिचा तो एकच पगार. सकाळी शाळा, दुपारी कॉलेज. तिची वही पाहून मला माझ्या वह्या आठवत. समास आखलेला, तारीख उजवीकडे. पाच पाठ झाले, तिने एकदाही हात वर केला नव्हता. त्या दिवशी केला.

“मॅडम, समजा जामीनदाराने सही केली, आणि कर्जदाराने हप्ते भरले नाहीत. तर जामीनदाराला पैसे भरावे लागतात का? की नुसती नोटीस येते?”

असा नेमका प्रश्न कोणी सहज विचारत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलं होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि एकदाही माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघत नव्हती. मागे दोन मुलं कुजबुजली. आबांनी हसून मान माझ्याकडे वळवली, आता मॅडम काय सांगतात ते ऐकू या अशा थाटात.

माझ्याजवळ उत्तर होतं. तीन आठवड्यांपूर्वी ते मी एका स्पंजच्या बोळ्याला दिलं होतं. पण माणूस शेजारी बसलेला, त्याच्या खांद्यावर आपण नुकतीच घातलेली शाल, टेबलावर समई, प्राचार्यांची नजर. मी म्हणाले, “कायद्याने जबाबदारी येते. पण आपल्याकडे व्यवहार विश्वासावर चालतात. माणूस पाहून सही करावी.”

आणि आबांकडे बघून मी हसले. ते हसू मला आठवतं तेव्हा तोंडात कडू येतं. शालीचा वास, समोशाचं तेल, यांची किळस मी तेव्हा किती कौतुकाने करत होते! या सगळ्यांत किळस यावी अशी गोष्ट माझ्या तोंडावर होती.

“वा!” आबा म्हणाले. “हे झालं शिक्षन!” टाळ्या वाजल्या. मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल? माझं वाक्यच लिहिलं असणार. ती शब्दन्‌शब्द लिहून घ्यायची.

चार दिवसांनी ती स्टाफरूममध्ये आली. हातात स्टीलचा डबा. आत पेढा होता.

“मॅडम, आबा स्वतः घरी आले होते. त्यांच्या पुतण्याला केळीच्या वाहतुकीसाठी ट्रक घ्यायचाय. मला जामीन राहायला सांगितलंय. आईला तर काय करू नि काय नको झालं. म्हणते, तुझ्या बाबांच्या मागे कोणी दारात आलं नव्हतं.”

“सही केलीस?”

“उद्या माणूस येणारे फॉर्म घ्यायला. पाठीमागचं वाचलं मी.” मग हळू म्हणाली, “मॅडम, तुम्ही सांगा. करू का नको?”

स्टाफरूममध्ये आणखी दोघं होते. एक पेपर तपासत होता. दुसरा पेपर तपासत नव्हता, तो आबांच्या संस्थेत संचालक होता. त्याने मान वर केली नाही, पण हातातलं पेन थांबलं.

मी म्हणाले, “निर्णय तुझा आहे. नीट विचार करून घे.”

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. हे वाक्य मी तिथून आणलं होतं. त्या भाषेत ते सभ्य वाटतं. पण तेवीस वर्षांच्या, बाप नसलेल्या, समोर उभं राहून ‘तुम्ही सांगा’ म्हणणाऱ्या मुलीला ते ऐकवणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचं पुस्तक देणं. तिने डबा पुढे केला. मी पेढा घेतला. खाल्लाही. तिने दुसऱ्या दिवशी सही केली.

धुळ्याची गोष्ट मला पावसाळ्यानंतर कळली. वर्षातून एकदा मी त्या केंद्रावर जात असे, विद्यार्थ्यांच्या शंका सोडवायला म्हणून. तिथे एस.टी.च्या वर्कशॉपमधला एक मेकॅनिक होता. पिंपळनेरकडचा, पस्तिशीचा, हाताच्या रेषांत काळं ऑइल मुरलेलं. तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि आधी माफीच मागितली.

“बाई, तुमच्या नावाने शिव्या खायला लावल्या मी. रागावू नका.”

“कोणाच्या शिव्या?”

“मामेसासऱ्याच्या. जामीन मागायला आले ते, पेढे घेऊन. आता त्यांना मी तोंडाने कसं नाही म्हणू? माझं लग्न त्यांनी जमवलेलं. मग मी काय केलं, टेपरेकॉर्डर आणला आणि तुमची ती सहावी कॅसेट लावली.”

बाकीचे विद्यार्थी आधीच हसायला लागले होते. त्यांना ही गोष्ट पाठ असावी. मग तो दोन्ही आवाज काढून अहिराणीत सांगू लागला. म्हाताऱ्याने निम्मी कॅसेट ऐकली आणि विचारलं, “हाई बाई कोन शे? तिले काय करनं शे आपला घरमा?” हा म्हणाला, “मामंजी, मी काहीच बोलत नही. बाई बोलस.” म्हातारा म्हणाला, “बंद कर तिले!” याने कॅसेट बंद केली, थोडी मागे घेतली, आणि ‘पेढा खाल्लेला असला तरी करू नका’ हे वाक्य पुन्हा लावलं.

“मग?”

“मग मामंजी उठले. पुडा उचलला. म्हणाले, तुना बाईले नवरा शे का नही? असला तं बिचारा कशा राहात व्हई!” सगळा वर्ग खदखदून हसला. तोही हसला, आणि मग गंभीर झाला. “दोन महिने बोलले नाहीत बाई माझ्याशी. तुमच्यावरचा राग अजून आहे. माझ्यावरचा गेला.”

मीही हसले. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत हसू टिकलं. मग मला ती मुलगी आठवली, आणि पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत बसले. कोणी एक माणूस, ज्याला मी पाहिलंही नव्हतं, ज्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कळायचा प्रश्नच नव्हता, त्याला मी नाही म्हणायला तोंड दिलं. जिचा चेहरा दर शनिवारी तीन हातांवर होता तिला मी दिलं नाही. समोर चेहरे असले की शिकवणं सोपं जातं असं मी आयुष्यभर म्हणत आले होते. वर्गात फक्त विद्यार्थ्यांचेच चेहरे असतात असं मी धरून चालले होते.

पुतण्याचा ट्रक दीड वर्ष चालला. मग तो विकला गेला, पैसे कुठे गेले कोणालाच माहीत नव्हतं, आणि पुतण्या सुरतेला गेला. दुसरा जामीनदार निवृत्त होऊन गावी गेला होता. उरला पगार एकच. वसुलीचं पत्र मुलीच्या शाळेत पोचलं आणि पगारातून कपात सुरू झाली. घरात जे येत होतं त्याच्या निम्म्याच्या जवळपास. धाकटी बहीण तेव्हा बारावीला होती.

ती माझ्याकडे तक्रार करायला आली नाही. दुसऱ्याच कोणाकडून मला कळलं. मग मी तिला घेऊन पतसंस्थेत गेले. माझ्या मनात होतं, मी बोलले तर आबा ऐकतील. मी जाताना इस्त्रीची साडी नेसले होते, फाईल घेतली होती, त्यात कलमं टिपून घेतली होती. तुमच्या आजीला वाटत असतं की फाईल नीट लावली की अर्धं काम होतं.

आबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. चहा सांगितला. मुलीला ‘बेटा’ म्हणाले. मी म्हटलं, “कर्जदार तुमच्या घरातला आहे. आधी त्याच्याकडून वसूल करा. या मुलीचा पगार सोडा.”

“कायद्यात तसं नाही ना मॅडम,” आबा म्हणाले. आवाज अगदी मऊ. “संस्था आधी कोनाकडून घ्यायचं ते ठरवू शकते. तुम्ही तर शिकवता हे.” ते बरोबर होतं. माझ्या फाईलमध्येही तेच होतं. मग त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “आनि तुम्हीच सांगितलं ना वर्गात, मी होतो तिथे. माणूस पाहून सही करावी. तिनं पाहिला माणूस. आमचं काय चुकलं सांगा.”

खोलीतला शिपाई हसला. मुलगी हसली नाही. तिने चहाला हात लावला नव्हता. मी माझ्या कपाकडे पाहिलं तेव्हा तो अर्धा झालेला होता.

जिना उतरताना मी तिला म्हटलं, “माझं चुकलं.” तोपर्यंत मी विद्यार्थ्याला असं कधी म्हटलं नव्हतं. ती दोन पायऱ्या पुढे होती. वळली नाही.

“मॅडम, मला तेव्हाच माहीत होतं,” ती म्हणाली. “फॉर्मच्या मागे सगळं लिहिलं होतं. मला फक्त कोणीतरी नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हणजे मी आईला सांगितलं असतं, मॅडम नको म्हणाल्या.” मग रस्त्यावर आल्यावर म्हणाली, “पुढच्या वर्षीच्या मुलांना सांगा हे. माझं नाव सांगितलं तरी चालेल.”

ती चार वर्षं कपात भरत राहिली. एम.कॉम. पूर्ण केलं नाही. बहिणीला मात्र शिकवलं.

पुढच्या वर्षी मी सहावा पाठ घेतला. पाहुणा बोलावू नका असं प्राचार्यांना लेखी दिलं होतं, आणि त्यांनी ते मानलं. दार लावून घेतलं, आणि कॅसेटमधली वाक्यं जशीच्या तशी म्हटली. मग त्या मुलीची हकिकत सांगितली. पेढा, स्टाफरूम, ‘निर्णय तुझा आहे’, अर्धा कप चहा, सगळं. तिचं नाव सांगितलं नाही, तिने परवानगी दिली होती तरी. इतका चांगला तास माझा कधी झाला नव्हता, असं मला वाटत होतं.

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. मुक्ताईनगरकडचा, केळीवाल्यांच्या घरातला.

“मॅडम, ती पतसंस्था कोन्ती? आनि अध्यक्ष कोन?”

साठ मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी त्या वर्षात पेढ्यांचा पुडा येणार होता. त्यांना माझ्याकडून कामाची अशी एकच गोष्ट हवी होती. दार बंद होतं, शेजारची खुर्ची रिकामी होती.

“नाव महत्त्वाचं नाही,” मी म्हणाले. “तत्त्व लक्षात ठेवा.”

तो मुलगा “बरं” म्हणून खाली बसला, आणि त्याने वही मिटली.